चाखण्याआधी

हॉटेलात जेवायला गेलं की वाइनची यादी माझ्या हातात येते. जावई तर आता ती उघडूनही बघत नाही, सरळ माझ्याकडे सरकवतो आणि मुलीला म्हणतो, "आईंना विचार." मी चष्मा लावते, कोण काय खाणार आहे ते विचारते, वेटरला एक-दोन प्रश्न विचारते आणि एका नावावर बोट ठेवते. या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. मग बाटली येते, वेटर माझ्या ग्लासात घोटभर ओततो, आणि मी ग्लास टेबलावरच राहू देऊन ताठ बसते आणि थोडी थांबते. जावयाची समजूत आहे की हे मी परदेशात कुठेतरी शिकले. मी त्याचा गैरसमज कधी दूर केलेला नाही. हे मी उज्जैनला शिकले, फ्रीगंजातल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, श्राद्धाचा स्वयंपाक चालू असताना.

टावर चौकाच्या मागच्या गल्लीत आम्ही राहत होतो. बाबा नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले, सरकारी खात्यात कारकून. आई मात्र तिथलीच. तिचे पूर्वज दरबारात कारकुनी करायला आले आणि उज्जैनचेच होऊन गेले. आईच्या मराठीत गिलास होता, सब्जी होती, आणि आमच्यावर रागावली की ती अर्धी हिंदीत रागवायची. बाबांनी लग्नानंतर एक-दोन वर्षं तिची भाषा सुधारून पाहिली म्हणे. मला आठवतात ते बाबा स्वतःच "उगाच परेशान होऊ नकोस" म्हणणारे. ते फार बोलत नसत. जेवताना ताकाचा पेला डाव्या हाताशी लागायचा, वर्तमानपत्र लागायचं, एवढ्यावर त्यांचा संसार सुखाचा होता.

आई रामघाटावरच्या वामनगुरुजींसाठी स्वयंपाक करून देत असे. महाराष्ट्रातून लोक श्राद्ध-तर्पणाला येतात, क्षिप्रेवर सगळं यथासांग होतं, पण पानात वाढायला आमसुलाची चटणी, अळूवड्या, उडदाचे वडे, तांदळाची खीर लागते, आणि ती तिथल्या कुठल्याही भोजनालयात मिळायची नाही. म्हणून गुरुजींचा निरोप यायचा, "वहिनी, उद्या बारा पानं." की आमच्या घरात पहाटेपासून धावपळ सुरू. आई न्हाऊन ओलेत्याने शेगडी पेटवायची. वड्यांची डाळ वाटल्याचा आवाज, मग तेलात वडा सोडल्याचा, मग बाहेर टेम्पोवाल्याची "देवास गेट, देवास गेट" अशी आरोळी. त्या क्रमावरून मला अंथरुणात पडल्या पडल्या किती वाजले ते कळायचं. नऊच्या आत डबे भरून व्हायचे. बाबा ऑफिसला जाण्याआधी स्कूटरवरून ते घाटावर पोचवायचे आणि मी मागे खिरीचं पातेलं मांडीत धरून बसायची. खीर सांडू नये म्हणून बाबा इतके हळू चालवायचे की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे.

या स्वयंपाकाचा नियम असा की पितरांना वाढेपर्यंत तो चाखायचा नाही. मीठ बरोबर आहे का, गूळ पुरला का, हे जिभेवर घेऊन बघायचं नाही. सगळ्याच मराठी घरांत नैवेद्याला हा नियम असतो, पण तिथे चुकलं तर घरच्या घरात चुकतं. इथे बारा परकी माणसं, तीही बापाच्या आठवणीने डोळे भरलेली, पहिला घास घेणार. आणि आमच्या आईचा सोवळेपणा आणखी एक पायरी वर होता. देवाला वास घेतलेलं फूल वाहत नाहीत, मग पातेल्यावर वाकून वास घेतलेलं अन्न कसं चालेल? त्यावर तिने तोडगा काढला होता. पातेल्यापासून हातभर लांब, ताठ उभं राहायचं. आपण वास घ्यायचा नाही. तो आपल्याआपण आला तर येऊ द्यायचा. "आला तर माझा काय दोष?" असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. घरच्या रोजच्या स्वयंपाकालाही तिने हाच नियम लावला होता.

मिठाला वास नसतो. मी पुढे केमिस्ट्री घेऊन बीएससी झाले, तेव्हा हे तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. ती म्हणाली, "मिठाला नसेल. आमटीला असतो ना." आणि ते खरंच होतं. मीठ कमी पडलं की डाळीचा कच्चट वास वर येतो, जास्त झालं की बाकीचे वास खाली बसतात. सांगून कळत नाही, पण शेगडीशी वर्षानुवर्षं उभं राहिलं की कळतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आईला मोठा ताप येऊन गेला, आणि त्यानंतर तिने मला रोज शेजारी उभं करायला सुरुवात केली. पातेल्यावरचं झाकण काढायची आणि म्हणायची, "बघ गं, काय म्हणतंय?" मी सांगायची, अजून चिमूटभर लागेल. ती चिमूटभर घालायची. कधी मी म्हणायची, झालं. ती लगेच झाकण ठेवायची. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं मला. त्याच दिवसांत एकदा ती शेगडीपाशीच बसून तांदूळ निवडत होती आणि शेजारी दूध करपून काळं झालं. "ध्यान कुठे असतं माझं," म्हणून तिने कपाळावर हात मारला. आम्ही दोघींनी मिळून पातेलं घासलं, आणि ते मी विसरून गेले.

बीएससी झाल्यावर वर्षभर मी अर्ज करत होते. उज्जैनला माझ्यासाठी शिकवण्याखेरीज काही नव्हतं आणि शिकवण्याइतका संयम मला नव्हता. आज कबूल करायला हरकत नाही, मला तिथून निघायचं होतं. गुरुजींच्या डब्यांतून, स्कूटरच्या मागच्या सीटवरून, "हिचं कुठे बघताय का?" विचारणाऱ्या बायकांमधून. आणि मग मुंबईच्या एका मसाल्याच्या कंपनीचं पत्र आलं. पुण्यात खरेदी विभागात जागा होती. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, दोनच उमेदवार उरले, मी आणि अग्रवाल नावाचा एक मुलगा. शेवटची फेरी म्हणजे इंदूरच्या एका मोठ्या हॉटेलात साहेबांबरोबर दुपारचं जेवण. पत्रात तसं लिहिलं नव्हतं, पण मुलाखतीच्या दाराशी बसलेला कारकून हसत म्हणाला होता, "मेहरा साहेब वाइन मँगवाते हैं और कैंडिडेट से चुनवाते हैं. उनका शौक है."

आमच्या गावात दारू देवाला चालते, माणसाला चालत नाही. कालभैरवाच्या देवळाबाहेर फुलांच्या परडीतच बाटली ठेवून विकतात, पुजारी ती बशीत ओतून देवाच्या ओठांना लावतो, उरलेली प्रसाद म्हणून परत देतो. आई तिथे हात जोडायची, आणि तीच आई गल्लीत कुणी पिऊन आला तर दार लावून घ्यायची. तेव्हा घरी हे सांगायचं कसं, या विचाराने माझा एक दिवस गेला. शेवटी आईला सांगितलं. ती गवार मोडत होती. हातातली शेंग मोडून परातीत टाकली आणि म्हणाली, "बंडूला बोलव."

बंडूमामा, आईचा धाकटा भाऊ, लष्करात ऑफिसरांच्या मेसमध्ये स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला आणि नानाखेड्याला एकटा राहणारा. तो घेतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मेसचं एक जुनं मेनू कार्ड घेऊन हजर झाला आणि आमच्या ओट्याशी पाट टाकून बसला. "पैली गोष्ट, डरायचं नाही," तो म्हणाला. "दुसरी, यादी हातात आली की यादी वाचायची नाही. लोक काय खाणार ते विचारायचं. मच्छी-मुर्गी असेल तर पांढरी, मटन असेल तर लाल, तिखट खूप असेल तर जरा गोडसर. मग यादी बघायची. सगळ्यात सस्ती घ्यायची नाही, सगळ्यात मेंगी तर बिलकुल नाही."

"आणि नाव वाचता आलं नाही तर?"

"बोट कशासाठी दिलंय देवानं? बोट ठेवायचं. बैऱ्याला विचारायचं, यात गोड कोणती, कसैली म्हणजे तुरट कोणती. विचारण्यात शरम नाही, नंदे. शरम तर फालतूची शान मारण्यात आहे." मग त्याने आईला कोकम सरबत करायला लावलं. काचेचे पेले आमच्याकडे नव्हते, स्टीलच्या पेल्यावर सराव झाला. मामा खांद्यावर पंचा टाकून बैरा झाला, तेलाची रिकामी बाटली सरबताने भरून माझ्यासमोर धरली. "लेबल बघायचं, सांगितलं तेच आणलंय का." मी गोडेतेलाचं लेबल पाहिलं. "आता थोडीशी ओततील. चाखायची, आणि मान हलवायची. बस." मी चाखलं, मान हलवली. आई भिंतीला टेकून हे बघत होती. "आणि चांगली नसली तर?" तिने विचारलं. मामाने विचार केला. "ताई, मी बावीस वर्षं मेसमध्ये होतो. मान हलवलीच नाही असा एक माणूस नाही पाहिला."

इथे मामाचं थोडं चुकत होतं. तो घोट वाइन आवडली की नाही हे विचारण्यासाठी नसतो, बाटली नासलेली नाही ना एवढंच पाहण्यासाठी असतो. हे मला फार पुढे कळलं. अजूनही चांगल्या चांगल्यांना ते माहीत नसतं.

इंदूरला मी बसने गेले. अंगावर आईची मोतिया रंगाची साडी आणि बरोबर मामाचा सल्ला. हॉटेलातली थंडी मला आठवते, आणि पांढरे टेबलक्लॉथ इतके कडक होते की पडले तर उभेच राहतील. मेहरा साहेब पन्नाशीचे, जाड, मृदू बोलणारे. अग्रवालच्या अंगावर नवा कोट होता आणि तो सारखा हसत होता. यादी आली तशी साहेबांनी ती माझ्यासमोर ठेवली. "आज आप चुनिए." मी यादीकडे न बघता विचारलं, कोण काय खाणार. साहेब मच्छी, अग्रवाल पनीर, मी पनीर. मग यादी पाहिली. सात-आठ नावं, त्यातली तीन पेनने खोडलेली. बैऱ्याला विचारलं, "इनमें मीठी कौन-सी है, कसैली कौन-सी?" त्याने सांगितलं. मी मधल्या भावाच्या एका पांढऱ्या वाइनवर बोट ठेवलं. इथपर्यंत सगळं कोकम सरबतासारखं झालं, आणि साहेबांची मान समाधानाने हललेली मी पाहिली.

बाटली आली, लेबल पाहिलं, बूच निघालं. बैऱ्याने माझ्या ग्लासात घोटभर ओतली आणि हात मागे बांधून उभा राहिला. आणि माझा हात उठेना. घरी सरबत चाखलं होतं, पण ते घरचं, आपल्या आपल्यात. इथे वडीलधारा माणूस समोर बसलेला, त्याच्या पानात अजून काही पडलेलं नाही, आणि सगळ्यांसाठी आणलेल्या गोष्टीतलं मी आधी तोंडाला लावायचं? वीस वर्षांची सवय काही बसच्या दीड तासात जात नाही. मी ताठ बसले, हात मांडीवर ठेवले. आणि वास आला. ओल्या पोत्याचा. पावसाळ्यात एकदा किराणावाल्याने आमच्याकडे तीळ पाठवले होते, आईने पोतं न उघडता दारातूनच परत पाठवले होते, तोच वास. त्याच्याखाली दुसरं काहीच नव्हतं, ना फळ, ना आंबट.

"मैडम, टेस्ट कीजिए," बैरा म्हणाला.

"चखने की ज़रूरत नहीं. ये ठीक नहीं है."

अग्रवालचं हसू थांबलं. साहेबांनी माझ्यासमोरचा ग्लास उचलला, एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. "ठीक तो लग रही है मुझे. थोड़ी फीकी है." बैरा दुखावून म्हणाला, "सर, सीलबंद थी, आपके सामने खोली है." अग्रवालने ग्लास पुढे केला, चाखलं आणि म्हणाला, "बढ़िया है सर." साहेब माझ्याकडे वळले. "ऑर्डर आपका है. रखें या लौटाएँ?"

मान हलवायची, बस. मामा मला कानाशी बोलल्यासारखा आठवला. पुणे आठवलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. मला खरोखर भीती वाटली. पण वास समोरच होता, आणि वास आल्यावर तो आला नाही असं म्हणायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी म्हणाले, "लौटा दीजिए."

दुसरी बाटली आली. ती उघडली तशी कच्च्या कैरीसारखा एक वास टेबलापर्यंत चालत आला. साहेबांनी दोन्ही ग्लास शेजारी ठेवून आळीपाळीने नाकाशी नेले. "अरे," ते बैऱ्याला म्हणाले, "लड़की सही कह रही है." एवढंच. मग ते मच्छीच्या काट्यांवर बोलू लागले आणि वाइनचा विषय संपला. त्यांनी सुरुवात केल्यावर मीही दोन घोट घेतले. साखर न घातलेल्या पन्ह्यासारखी लागली. मला काही विशेष आवडली नाही.

घरी आल्यावर आईने दोनच गोष्टी विचारल्या. "चाखलीस?"

"हो. नंतर."

"आधी नाही ना?"

"नाही."

"मग झालं," ती म्हणाली. पण पोत्याचा वास होता हे तिने मला तीनदा सांगायला लावलं. किती लांबून आला, लगेच आला की थांबून आला, तेच तीळ का, नक्की. ती इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली होती.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. कित्येक वर्षांनंतर एकदा मी मेहरा साहेबांना त्या बाटलीची आठवण करून दिली, तर त्यांना ती आठवत नव्हती. माझ्या निवडीचं कारण त्यांच्या लेखी असं होतं की अर्जावरचं माझं अक्षर सुवाच्य होतं. असो. पत्र हातात आल्यावर मीच कचरले. पितृपक्ष महिन्यावर आला होता, गुरुजींची पानं तिप्पट होणार होती. मी म्हटलं, दिवाळीनंतर येते असं कळवू का? आई एकदम कडाडली. "काही कळवायचं नाही. माझे हात काय तुझ्या भरवशावर चालतात? जा म्हणते ना!" मला थोडं लागलं. त्या रागातच मी बॅग भरली.

चार महिन्यांनी पहिल्या सुट्टीला घरी आले. सकाळी टावर चौकात वामनगुरुजी भेटले. मी वाकून नमस्कार केला. "पोरी, आईचे गुडघे आता कसे आहेत?" त्यांनी विचारलं. मी गोंधळले. ते म्हणाले, "तू गेलीस त्याच हफ्त्यात निरोप आला, गुडघे धरलेत, आता पानं जमणार नाहीत. ऐन पितृपक्षात माझी फार पंचाईत झाली बघ." मी हो-हो म्हणत निघाले. आदल्याच संध्याकाळी आई माझ्याबरोबर रामघाटाच्या सगळ्या पायऱ्या उतरून खाली गेली होती आणि माझ्याआधी वर आली होती.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. रविवार होता, बाबा घरी होते. आईने माझ्या आवडीची चिंचगुळाची आमटी केली होती. पान वाढलं गेलं तशी मी सवयीने क्षणभर थांबले, आणि आमटी तोंडात घालण्याआधीच मला कळलं. ना चिंच वर येत होती, ना गूळ, सगळं दबून खाली बसलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोळे न काढता ताकाचा पेला उचलला, आमटीच्या वाटीत अर्धा ओतला, बोटाने ढवळलं आणि भात कालवायला घेतला. ही आजची गोष्ट नव्हती, हात सराईत झाला होता. मला तो मोठा ताप आठवला, करपलेलं दूध आठवलं. झाकण काढून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिलेली ती आठवली, आणि मी "झालं" म्हटल्यावर सुटकेने झाकण ठेवणारी. दोन-अडीच वर्षं तिला ना वास येत होता, ना चव कळत होती. ती माझ्या नाकाने बारा-बारा पानं वाढत होती, आणि तेच नाक तिने एका शब्दाने न अडवता पुण्याला पाठवून दिलं होतं.

आई ओट्याशी पळी घेऊन उभी होती. "बघ गं," ती म्हणाली, "काय म्हणतंय?"

मेहरा साहेबांसमोर सीलबंद बाटली परत पाठवणारी मी. मी मान हलवली. "एकदम बरोबर झालीय, आई," मी म्हटलं, आणि वाटी पुढे केली. "अजून वाढ."